शिक्क्यासाठी जागा

नक्षीदार पाकीट ज्याच्या नावाने निघतं, त्याच्या हाती ते सगळ्यांत शेवटी पडतं. त्याआधी ते खिडकीवरच्या कारकुनाच्या, शिक्का मारणाऱ्याच्या, पिशव्या भरणाऱ्याच्या आणि पोस्टमनच्या हातांतून जातं. हस्तकलेच्या पुस्तकांत हे कुणी सांगत नाही. तिथे पाकीट टेबलावर निवांत पहुडलेलं असतं आणि शेजारी वाळकी फुलं मांडलेली असतात. आम्ही काही मैत्रिणी घरी केलेली पाकिटं एकमेकींना टपालाने धाडतो. त्या अनुभवावरून माझं मत पक्कं झालंय, की पाकीट आधी टपालखात्यासाठी करावं, मग मैत्रिणीसाठी.

कागदापासूनच हा हिशेब सुरू होतो. साध्या पत्राला २० ग्रॅमपर्यंत पाच रुपयांचं तिकीट लागतं. झेरॉक्सच्या ८० जीएसएम कागदाचं एक ए-फोर पान भरतं पाच ग्रॅम. पुण्यात शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत सुती चिंध्यांच्या लगद्याचा जाडसर, खरबरीत कागद मिळतो. बघताक्षणी मोह पडावा असा. पण २०० जीएसएमचा घेतला तर नुसतं पाकीटच जवळजवळ नऊ ग्रॅम खातं. त्यात अस्तर आणि दोन पानी पत्र घातलं की काटा वीसच्या पुढे सरकतो. शिवाय हा कागद घडीला फुगतो. मी तो राखून ठेवते आणि रोजच्या पाकिटांसाठी रद्दीवाल्याकडची जुनी कॅलेंडरं, फाटके नकाशे, शिंप्याकडच्या डिझाइनच्या वह्यांची पानं वापरते. नकाशाचा कागद तर घड्या सोसायलाच जन्मलेला असतो. गुळगुळीत आर्टपेपर मात्र दिसतो छान आणि वागतो वाईट: त्यावर शाई पुसते, खळ धरत नाही आणि घडीवर रंग तडकून पांढरी रेघ उमटते.

ए-फोर पानातून २१ सेंटीमीटरचा चौरस कापायचा आणि तो तिरका, म्हणजे टोक वर करून ठेवायचा. मध्ये १६ बाय ११चा आयत पेन्सिलीने आखायचा. बाजूचे चार त्रिकोण आत मिटले की पाकीट तयार. टपालाला कमीत कमी १४ बाय ९ सेंटीमीटर लागतं, तेही यात बसतं. या तिरक्या मांडणीत एक फायदा दडलाय. गिरणीतल्या कागदाचे तंतू एका दिशेने असतात. त्या दिशेने घडी सुरेख बसते, आडवी घातली तर कागद अडतो. चौरस तिरका ठेवला की चारही घड्या तंतूंना सारख्याच तिरक्या पडतात, त्यामुळे एक बाजू गोड आणि दुसरी हट्टी असं होत नाही.

आता रिफिल. शाई संपलेलं बॉलपेन पट्टीला लावून रेघेवरून दाबत न्यायचं. कागद कापायचा नाही, फक्त त्याच्या अंगावर चर पाडायचा. मग घडी आपसूक तिथेच मोडते. तिच्यावरून चमच्याची पाठ फिरवली की धार येते. आयताच्या चारही कोपऱ्यांबाहेर कागदाचा इवलासा त्रिकोण उरतो, तो कात्रीने उडवायचा. तो तसाच राहिला तर कोपऱ्यात कागदावर कागद चढतो, तिथे गाठ होते आणि पिशवीतल्या घासाघाशीत पहिलं छिद्र तिथेच पडतं.

चिकटवायला मी मैद्याची खळ करते. बाइंडिंगवाले तिच्यात चिमूटभर मोरचूद घालतात, म्हणजे किडे लागत नाहीत. आधी डावा-उजवा त्रिकोण आत, मग खालचा त्यांच्यावर. खळ फक्त कडेला, तीही बोटाने ओढून पातळ केलेली. आत प्लॅस्टिकची पट्टी सरकवून ठेवायची, नाहीतर पाकिटाची पुढची-मागची भिंत एकमेकींना चिकटते. वरच्या झाकणाला बाभळीचा डिंक. रात्री भिजत घालून गाळायचा आणि किंचित साखर घालायची. नुसता डिंक वाळून तडकतो. साखरेला मुंग्या येतात हे खरं, म्हणून डबा घट्ट हवा. पावसाळ्यात ही झाकणं कपाटात पडल्या पडल्या स्वतःच चिकटून बसतात. कोकणातली मैत्रीण तर जून ते सप्टेंबर डिंक लावतच नाही.

अस्तर म्हणजे निव्वळ हौस, पण पाकीट उघडतानाची सगळी मजा त्यात आहे. ते ब्लाउजच्या अस्तरासारखं सगळीकडून शिवायचं नसतं. कडेने तीन-चार मिलिमीटर लहान कापायचं आणि झाकणाच्या टोकाशीच चिकटवायचं. बाकी मोकळं. सगळं चिकटवलं की घडीवर फुगवटा येतो.

नक्षी शेवटी, आणि इथेच हात आवरायचा. १८४० साली ब्रिटनमध्ये जगातलं पहिलं टपाल तिकीट निघालं, त्याच्याच जोडीने विल्यम मुलरेडी या चित्रकाराचं छापील पाकीटही. त्याआधी तिथे पत्राचं हशील पानांच्या संख्येवर असे. पाकीट म्हणजे एक जादा पान. म्हणून पत्रच घडी करून लाखेने बंद करायची रीत. मुलरेडीने वर ब्रिटानिया, तिच्या भोवती देशोदेशीची माणसं, हत्ती, उंट असा सगळा पसारा मांडला. लोकांनी इतकी टर उडवली, चेष्टेच्या नकला काढून विकल्या, की पाकीट मागे घ्यावं लागलं. मला ते चित्र वाईट वाटत नाही, फक्त फार आहे.

मी उजव्या वरच्या कोपऱ्यात ७४ बाय ४० मिलिमीटर जागा कोरी सोडते. आंतरराष्ट्रीय टपालाच्या नियमांत तिकीट आणि शिक्क्यासाठी तेवढीच सांगितलीय. पत्ता पांढऱ्या चिठ्ठीवर, बॉलपेनने. जेलपेन पावसात ओघळतं. वरून मेणबत्ती हलकेच घासायची, पाणी निसटून जातं. पिनकोडचे सहा आकडे सुटे आणि ठसठशीत. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ला आली आणि तिचे कर्ते श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवी होते, म्हणून मी ते आकडे जरा जास्तच मन लावून काढते. बटणं, शिंपले, लाखेची मोहर बाहेर लावायची नाही. लाख ठिसूळ, ती पिशवीत फुटते.

एकदा ही जागा पुरेशी न सोडलेलं, मैत्रिणीने दिलेलं पाकीट घेऊन मी खिडकीवर गेले. तिथल्या काकांनी शिक्का उचलला आणि थांबले. "मॅडम, मोराच्या मानेवर येतोय. मारू?" म्हटलं, मारा. त्यांनी पाकीट फिरवून पाहिलं आणि शिक्का शेपटीवर मारला. स्पीड पोस्टाला अशी दयामाया नसते. त्याचं बारकोडचं स्टिकर जिथे सपाट जागा दिसेल तिथे बसतं.

चिपळूणची मैत्रीण माझी पाकिटं फाडत नाही. चहाच्या आधणावर धरते, खळ वाफेने सुटते. फेव्हिकॉल असता तर कागदच फाटला असता. मग ती पाकीट उलटं करते, माझ्या हातचा तिचा पत्ता आत जातो, आणि नव्या कोऱ्या बाजूवर माझा पत्ता घालून मलाच परत पाठवते. सध्या आमच्यात फिरतंय ते पाकीट तिसऱ्यांदा उलटायला तिला जमेल का, यावर आमची पैज लागलीय. घड्यांवर कागद विरत चाललाय, आतून जपानी टिश्यूची पट्टी लावू म्हणते. वजन वाढेल, मी म्हणाले. लावू दे, जादा तिकिटाचे पैसे ती देणार आहे.