बटण कुठे बसवायचं, ते समीकरणाला विचारा

‘पुढे जा’ लिहिलेल्या बटणावर ‘पु’चा उकार खालून छाटलेला दिसला, की समजावं: बटणाची उंची कुणीतरी इंग्रजी अक्षरं बघून ठरवून टाकली आहे. पूर्वी सर्रास असंच चाले. बटण डावीकडून १२० पिक्सेलवर, वरून ४०वर, रुंदी ८०. भाषा बदलली, फॉन्ट मोठा केला, की सगळं एकमेकांवर चढायचं.

यावरचा मला सर्वांत देखणा वाटणारा उपाय म्हणजे जागा सांगायचीच नाही, नाती सांगायची. इव्हान सदरलंडने १९६३ साली एमआयटीत केलेल्या ‘स्केचपॅड’मध्ये ही कल्पना होती. या दोन रेषा समांतर ठेव, एवढं सांगायचं. बाकी जुळवाजुळव यंत्राची. १९९०च्या दशकात ॲलन बोर्निंग आणि सहकाऱ्यांनी त्यासाठी ‘कॅसोवरी’ नावाची गणिती पद्धत तयार केली.

समजा, खिडकी ४०० पिक्सेल रुंद आहे. दोन्ही कडांना २० सोडायचे, ‘नाव’ हे लेबल आणि लिहायची चौकट यांत ८. लेबलाला ४० लागले तर चौकटीला ३१२ उरतात. लेबल ‘संपूर्ण नाव’ झालं आणि ९० लागले, तर २६२. इथवर साधी वजाबाकी. पण खिडकी २०० केली तर चौकटीला ६२च राहतात, आणि ती किमान १०० हवी अशी अट असेल तर? म्हणून प्रत्येक अटीला वजन दिलेलं असतं. चौकटीची अट सक्तीची, लेबल पूर्ण दिसावं ही नुसती इच्छा. मग लेबल ५२वर आखडतं.

अशा शेकडो अटी एकदम सोडवायला कॅसोवरी ‘सिम्प्लेक्स’ वापरते. जॉर्ज डँट्झिगने १९४७ साली शोधलेली, मुळात नियोजनाच्या गणितांसाठीची रीत. खरी करामत वेगाची आहे. माउसने खिडकीचा कोपरा ओढताना उत्तर क्षणाक्षणाला बदलतं, म्हणून ही पद्धत दर वेळी पहिल्यापासून सुरुवात न करता आधीच्या उत्तरावरून पुढे सरकते.

ॲपलने ती २०११मध्ये मॅकवर आणि पुढच्या वर्षी आयफोनवर ‘ऑटो लेआउट’ म्हणून आणली. दोन सक्तीच्या अटी भांडल्या, की ही प्रणाली त्यांतली एक मोडते आणि लॉगमध्ये लांबलचक तक्रार लिहून ठेवते. त्या मजकुरातून मूळ दोष हुडकणं भल्याभल्यांना जड जातं. वेब ब्राउझरांनी ही वाट धरली नाही. तिथे ‘फ्लेक्सबॉक्स’ आणि ‘ग्रिड’ आहेत: डबा आपल्या आतल्या वस्तूंना जागा वाटून देतो. दूरच्या दोन बटणांचं नातं त्यात थेट सांगता येत नाही, पण असली भांडणंही सहसा होत नाहीत.