इमारतीची धुलाई आणि रंगकाम : ठेकेदाराची पारख कशी करावी?

मार्च सरत आला की मुंबई, ठाणे, पुणे परिसरातील गृहनिर्माण संस्थांच्या सूचनाफलकावर एक विषय हमखास झळकतो. इमारतीची बाह्य धुलाई, डागडुजी व रंगकाम करावयाचे असल्याने विशेष सर्वसाधारण सभा बोलावण्यात येत आहे, अशी ती सूचना असते. पावसाळा तोंडावर आलेला असतो, वरच्या मजल्यावरचे सदस्य गळतीने त्रस्त असतात आणि सभेत घाईने ठराव होतो. अप्रामाणिक ठेकेदाराला हवी असते ती हीच घाई. वास्तविक या कामाचा योग्य काळ दिवाळीनंतर ते मार्चअखेरपर्यंतचा. तेव्हा भिंती कोरड्या असतात आणि निविदा पडताळून पाहण्यास सवडही मिळते.

या कामात फसवणूक सोपी आहे, कारण ते स्वतःच स्वतःचे दोष झाकते. धुलाई, सैल गिलावा काढणे, भेगा भरणे, प्रायमर, रंगाचे दोन हात, असा क्रम असतो. यातील प्रत्येक पायरी पुढच्या पायरीखाली गडप होते. शेवटी दिसतो तो केवळ चकचकीत रंग, आणि पहिले सहा महिने तो चांगल्या व वाईट दोन्ही कामांत सारखाच दिसतो. म्हणून ठेकेदार बहुधा रंगात कमी आणि रंगाच्या आधीच्या कामात अधिक चोरी करतो. त्यातही पहिला बळी धुलाईचा जातो.

कोकणपट्टीतील दमट हवेत इमारतीच्या सावलीतील बाजूवर शेवाळ आणि काळी बुरशी धरते. ती नुसत्या पाण्याने जात नाही. ब्लीचिंगचे द्रावण किंवा बुरशीनाशक लावून, काही वेळ मुरू देऊन, ताठ ब्रशने घासून आणि मग भरपूर पाण्याने धुऊन ती काढावी लागते. भिंतीवर आलेला पांढरा खार कोरड्या ब्रशने खरवडावा लागतो आणि ओल कोठून येते ते शोधावे लागते. त्यानंतर भिंत पूर्ण वाळण्यासाठी दिवस द्यावे लागतात. हे सारे वेळखाऊ आहे. त्याऐवजी एका दुपारी पाण्याचा पाइप फिरवून ‘धुलाई झाली’ असे सांगितले जाते. जेट पंपाचा देखावाही फसवा ठरू शकतो. नोझल भिंतीच्या फार जवळ धरले तर जुना गिलावाच उखडतो आणि पाणी भेगांतून आत शिरते. जिवंत बुरशीवर किंवा ओल्या भिंतीवर दिलेला रंग एक-दोन पावसाळ्यांत पापुद्र्यांसारखा सुटतो.

प्रश्न केवळ रंग उडण्याचा नाही. पोकळ गिलाव्यावरच रंग दिला तर आतली सळई गंजत राहते, गंजताना फुगते आणि एके दिवशी छज्जाचा तुकडा खाली येतो. खाली मुले खेळत असतात. २०१४च्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतींसाठी पाच वर्षांतून एकदा, तर त्याहून जुन्या इमारतींसाठी तीन वर्षांतून एकदा संरचनात्मक तपासणी सांगितली आहे ती याचसाठी. तो अहवाल हाती नसताना रंगाची निविदा काढणे म्हणजे रोगनिदानाआधीच औषध विकत घेणे होय.

तपासणी मात्र कोणालाही करता येते. परांची, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत पहाड, बांधली गेली तरी प्रत्येक सदनिकाधारकाच्या खिडकीलगतची भिंत त्याच्या हाताच्या अंतरावर असते. धुलाईनंतर भिंतीवर तळवा फिरवावा. हाताला भुकटी लागली किंवा हिरवट-काळा डाग आला तर धुलाई झालेली नाही. हातोडीच्या दांड्याने हलके ठोकल्यास पोकळ गिलावा वेगळा आवाज देतो. धुलाईनंतर, गिलाव्यानंतर आणि प्रायमरनंतर अशी तीन वेळा छायाचित्रे काढावीत, आणि लेखी संमतीशिवाय पुढची पायरी सुरू होणार नाही अशी अट करारातच घालावी. नवा गिलावा झाला असेल तर त्यावर रंग चढवण्यापूर्वी साधारण २८ दिवस जाऊ देणे इष्ट. ठेकेदाराला ही अट सहसा रुचत नाही.

रंगाचा हिशेब त्यामानाने सोपा आहे. बाहेरील भिंतीचा चांगला इमल्शन रंग दोन हातांसाठी लिटरला साधारण ५० ते ६० चौरस फूट पुरतो. खडबडीत गिलाव्यावर त्याहूनही कमी. म्हणजे २० लिटरचा एक डबा हजार-बाराशे चौरस फुटांचा. समजा इमारतीचे बाह्य क्षेत्र २० हजार चौरस फूट आहे, तर १७ ते २० डबे लागलेच पाहिजेत. दहाच डब्यांत काम आटोपले तर एकतर रंगात पाणी अधिक आहे किंवा दुसरा हात दिलेलाच नाही. नामांकित कंपनीच्या रिकाम्या डब्यात स्वस्त रंग भरून आणण्याची युक्तीही जुनीच आहे. त्यामुळे डबे सीलबंद स्थितीत संस्थेच्या आवारात उतरवावेत, त्यांवरील बॅच क्रमांक नोंदवावेत, सील समितीच्या सदस्यासमोर उघडावे आणि रिकामे डबे काम संपेपर्यंत संस्थेच्या ताब्यात ठेवावेत.

सर्वांत मोठी गळती मोजमापात होते. खिडक्या, गॅलऱ्या, जिन्याच्या जाळ्या वजा करायच्या की नाही, हे करारात नसेल तर अंतिम बिल फुगते. मोजमाप भारतीय मानक आयएस १२०० नुसार होईल, असे एक वाक्य पुरते. २० हजार चौरस फुटांचे २४ हजार झाले आणि दर ३० रुपये असेल, तर संस्थेचे एक लाख वीस हजार रुपये नुसत्या कागदावर उडतात. म्हणून निविदेआधीच स्वतंत्र अभियंत्याकडून मोजमाप करून घ्यावे आणि तेच सर्व ठेकेदारांना द्यावे. सल्लागाराचे शुल्क बिलाच्या टक्केवारीत ठरले असेल तर बिल कमी करण्यात त्याला रस का असावा, हा प्रश्नही सभेत जरूर विचारावा. ठोक शुल्क अधिक बरे.

सर्वांत कमी दराच्या निविदेवर झेप घेणारी समिती पुढे ‘जादा कामां’च्या याद्यांनी हैराण होते. भेगा भरणे वेगळे, पाइपांचा रंग वेगळा, राडारोडा हलवणे वेगळे. सर्व बाबींची एकच यादी करून तिच्यावर दर मागवले तरच तुलना होते. ठेकेदाराने दिलेला जीएसटी क्रमांक शासकीय संकेतस्थळावर तपासता येतो. महाराष्ट्रातील क्रमांक २७ने सुरू होतो आणि पुढील दहा अक्षरे पॅनची असतात. संदर्भ म्हणून गेल्या महिन्यात रंगवलेली इमारत पाहू नये. तीन पावसाळे झेललेली पाहावी, आणि तेथील सचिवांशी ठेकेदाराच्या अनुपस्थितीत बोलावे.

उचल देताना हात आखडताच ठेवावा. मोठी उचल घेऊन परांची अर्धवट सोडून गेलेल्या ठेकेदारामागे धावणे मानद सचिवाच्या नशिबी येते. पैसे कामाच्या टप्प्यांनुसार, केवळ धनादेशाने किंवा बँकेमार्फत द्यावेत, नियमानुसार मूळ करकपात करावी आणि पाच ते दहा टक्के रक्कम एक पूर्ण पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवावी. रंग कंपनीची हमी आणि ठेकेदाराची हमी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली संस्थेच्या नावाने लेखी मिळते का आणि तिच्या अटींत कोणता प्रायमर व कोणती पूर्वतयारी आहे, हे आधी वाचावे. उंचीवर काम करणाऱ्या मजुरांच्या विम्याची प्रत आणि सुरक्षापट्टे यांविना काम सुरूच करू देऊ नये. स्वस्त निविदेत बहुधा याच खर्चाला कात्री लागलेली असते.

स्वतंत्र बंगल्यांच्या वसाहतींत प्रकार थोडा निराळा. ‘शेजारी काम चालू आहे, केमिकल उरले आहे, आजच केले तर निम्म्या दरात,’ असे सांगत कोणी दारात येतो. गच्चीवर काही तरी काळे-पांढरे फासले जाते, पैसे रोख घेतले जातात आणि पहिल्या सरीत ते वाहून जाते. अशा माणसाचा पत्ता पावतीवर नसतो. बहुतेकदा पावतीच नसते. घर पाहून, लेखी अंदाजपत्रक देऊन दोन दिवस थांबण्यास जो तयार नाही, त्याला दारातूनच परत पाठवावे.

फसवणूक झालीच तर दोष दाखवणारी छायाचित्रे जोडून स्पीड पोस्टाने ठेकेदारास पत्र पाठवावे आणि दुरुस्तीसाठी मुदत द्यावी. दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिलेला मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाते. मात्र ती तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत दाखल व्हावी लागते. करार, मोजमापवही आणि पायरीनिहाय छायाचित्रे या तीन गोष्टी तोवर सचिवांच्या कपाटात सुरक्षित असाव्यात, समिती बदलली तरीही.