‘कॅट्स’ची मांजरं बघून आपण दचकलो का?

ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी हा एपिसोड नेहमीप्रमाणे लिहून देतेय. आज सुरुवात एका कबुलीने.

१८ जुलै २०१९ ला ‘कॅट्स’ सिनेमाचा ट्रेलर आला आणि अर्ध्या जगाने एकमेकांना मीम पाठवले. त्यात मीही होते. घरच्या ग्रुपवर मी लिहिलं, ‘हे बनवणाऱ्यांना डोळे नाहीत का?’ सगळे हसले, फक्त माझा मावसभाऊ गप्प. तो व्हीएफएक्समध्ये काम करतो. या सिनेमावर तो नव्हता, पण त्याचा एकच मेसेज आला: ‘अगं, बनवणारे आणि ठरवणारे वेगळे असतात.’

हे वाक्य डोक्यातून गेलं नाही. म्हणून आजचा विषय.

आधी नाटक बघू. टी. एस. एलियटच्या १९३९ च्या मांजरांवरच्या कवितांना अँड्र्यू लॉइड वेबरने चाली दिल्या आणि मे १९८१ मध्ये लंडनला ‘कॅट्स’ सुरू झालं. ते तिथे २१ वर्षं चाललं. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर १८ वर्षांत ७,४८५ प्रयोग झाले. म्हणजे माणसाने मांजर व्हायचं, ही कल्पना लोकांना खटकत नव्हती. उलट तिकिटं काढून बघत होते.

तिथली मांजरं कशी होती? डिझायनर जॉन नेपियरने नटांना रंगवलेले अंगाला घट्ट बसणारे कपडे दिले, पायात लेगवॉर्मर, डोक्यावर विग, चेहऱ्यावर रंग. बस. स्टेजवर भंगाराचा ढीग, त्यातल्या वस्तू मुद्दाम मोठ्या, म्हणजे नट मांजराएवढे वाटावेत. बाकीचं मांजर तयार करायचं प्रेक्षकाने, आपल्या डोक्यात.

हे आपल्याला नवीन नाही. शाळेच्या गॅदरिंगमध्ये काजळाने तीन-तीन मिश्या काढलेलं पोरगं आलं की आपण त्याला मांजर मानतोच ना? शेपूट ओढणीची आहे, हे सगळ्यांना दिसतं. कुणी तक्रार करत नाही, कारण ते पोरगं ‘मी खरं मांजर आहे’ असं म्हणतच नाही. ‘आपण खेळूया’ एवढंच म्हणतं.

सिनेमात दिग्दर्शक टॉम हूपरने हा खेळ बदलला. नटांच्या अंगावर कम्प्युटरने केस चढवले. कान हलतात, शेपूट वळते, प्रत्येक केस दिसतो. पण चेहरा माणसाचाच ठेवला. हाताचे पंजे आणि पावलंही माणसाचीच. आता प्रेक्षकाला भरायला काही उरलंच नाही. मग तो काय करणार? तपासणार! केस खरे आहेत तर मग बोटं अशी का? अंगावर केस आहेत तर वरून पुन्हा फरचा कोट कशाला? इद्रिस एल्बाचा मकॅव्हिटी कोट काढतो तेव्हा तो एकदम उघडा वाटायला लागतो. स्टेजवर हा प्रश्न कुणाच्या मनातही आला नसता. आणि माणसाच्या चेहऱ्याची झुरळं नाचतात, त्यातली काही खाल्ली जातात, तेव्हा तर पोटात ढवळतं.

याला एक प्रसिद्ध नाव आहे: ‘अनकॅनी व्हॅली’. जपानी रोबोटतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्ये ही कल्पना मांडली. रोबोट जसजसा माणसासारखा दिसतो, तसतसा तो आवडत जातो. पण अगदी जवळ पोचला आणि थोडक्यात चुकला, की आवड धाडकन खाली येते आणि अंगावर काटा येतो. ‘कॅट्स’ला हे अर्धंच लागू पडतं, कारण इथे चेहरे खरेच माणसांचे होते. मला वाटतं, गोंधळ जोडणीत होता. चेहरा सांगतो माणूस, कातडी सांगते प्राणी, आणि दोघंही तितक्याच ठामपणे सांगतात.

‘कॅमेरा आला की असं होणारच’ म्हणाल, तर तसंही नाही. १९९८ मध्ये हेच नाटक लंडनच्या ॲडेल्फी थिएटरमध्ये शूट होऊन व्हिडिओवर आलं. तेच विग, तोच रंग, अगदी जवळून. लोकांनी ते आवडीने बघितलं.

मग ट्रेलरनंतर डिझाइन का नाही बदललं? त्याच वर्षी ‘सॉनिक द हेजहॉग’च्या ट्रेलरवर लोक असेच तुटून पडले होते. तिथे सॉनिकचं रूप नव्याने बनवलं आणि रिलीज नोव्हेंबर २०१९ वरून फेब्रुवारी २०२० वर ढकललं. पण तिथे एक पात्र होतं. इथे अख्खी फौज, आणि केसाळ माणूस हीच मूळ कल्पना. ‘कॅट्स’ २० डिसेंबरला आला, आणि रिलीज झाल्यावर थिएटरांना इफेक्ट्स सुधारलेली नवी कॉपी पाठवावी लागली!

फेब्रुवारी २०२० च्या ऑस्करला याच सिनेमातले जेम्स कॉर्डन आणि रेबेल विल्सन मांजराचे कपडे घालून आले आणि चांगले व्हिज्युअल इफेक्ट्स किती महत्त्वाचे असतात, असा टोमणा मारून गेले. टाळ्या, हशा. व्हिज्युअल इफेक्ट्स सोसायटीने यावर जाहीर नाराजी दाखवली. बरोबरच आहे. केस चढवणाऱ्याने केस नीट चढवले होते. केस चढवायचेत, हे त्याने ठरवलं नव्हतं. आणि सॉनिकचं नवं रूप घडवण्यात हात असलेल्या मूव्हिंग पिक्चर कंपनीचं व्हँकुव्हरचं ऑफिस तर तो सिनेमा यायच्या आधीच, डिसेंबर २०१९ मध्ये बंद झालं. आपण नव्या सॉनिकचं कौतुक करत होतो, तेव्हा तिथले लोक नोकरी शोधत होते.

म्हणून सांगते, दचकलो त्यात आपलं काही चुकलं नाही. डोळ्यांना खटकलं ते खटकलं, आणि ते बोलायलाही हवं. फक्त पुढच्या वेळी ट्रेलर बघून बोट दाखवताना ते कुणाकडे जातंय, तेवढं बघू.

दादाला त्या दिवशी मी फक्त अंगठा पाठवला होता. आज हा एपिसोड पाठवतेय.

भेटू पुढच्या भागात. तुम्हाला स्टेजवर पटलेलं आणि पडद्यावर न पटलेलं पात्र कोणतं, ते नक्की कळवा!