निःशस्त्र हात आणि शत्रूची तलवार

मुलांच्या खेळात मोठ्यांनी लक्ष घालू नये असे म्हणतात. परंतु खेळातील एखाद्या नियमावरून घरात वाद पेटावा आणि मुलांनी निवाड्यासाठी वडीलधाऱ्यांकडे यावे, असा प्रसंग आला म्हणजे ‘तुम्ही आपसांत मिटवा’ एवढे म्हणून भागत नाही. बऱ्हाणपुरातील एका जुन्या मराठी घरात सुट्टीमध्ये असाच वाद झाला. भाऊ-बहीण आणि शेजारची दोन मुले टेबलाभोवती बसून खेळत होती. प्रत्येकाने एका काल्पनिक वीराची भूमिका घ्यावयाची, एकाने सूत्रधार होऊन प्रसंग सांगावयाचा आणि जय-पराजयाचा निर्णय वीस पैलूंच्या फाशावर सोपवावयाचा, असा हा खेळ. धाकट्याचा निःशस्त्र गोसावी असीरगडाच्या पायऱ्यांवर पहारेकऱ्यापुढे उभा ठाकला आणि हाताच्या एका फटकाऱ्याने त्याने पहारेकऱ्याच्या तलवारीचे दोन तुकडे केले. सूत्रधार असलेल्या ताईने ते मानले नाही. धाकटा म्हणाला, “चित्रपटात होते, मग इथे का नाही?”

प्रश्न पोरकट नाही, असे आम्हांस वाटते.

या जातीचा पहिला छापील खेळ, ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’, अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी काढला. शस्त्र मोडण्याचा विचार त्याच्या २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत, आणि २००३ च्या सुधारित आवृत्तीत, फार बारकाईने केलेला आढळतो. तेथे प्रत्येक वस्तूला काठिण्याचा एक अंक दिलेला आहे. पोलादाचा अंक दहा, लाकडाचा पाच. वाराचे जे बळ होईल त्यातून हा अंक आधी वजा करावयाचा. उरेल तेवढीच इजा त्या वस्तूला पोहोचते. साध्या माणसाच्या ठोशाचे बळ फार तर तीन. अंगी असामान्य ताकद असली तर आणखी चार धरू. बेरीज सात झाली, आणि पोलाद तर दहावर बसले आहे! म्हणजे तलवारीवर ओरखडासुद्धा उठावयाचा नाही. शिवाय विशेष शिक्षण नसताना असा प्रयत्न केला, तर शत्रूला आधी वार करण्याची आयती संधी मिळते. ताईचा निवाडा नियमाला धरूनच होता. ज्या वीरांनी केवळ मुष्टियुद्धाची साधना केलेली असते त्यांचे बळ पुढे पुढे वाढत जाते खरे, पण धाकट्याचा गोसावी अजून पहिल्याच पायरीवरचा!

गणित बाजूला ठेवले तरी व्यवहार तेच सांगतो. कराटेच्या प्रयोगात फळी फुटते, कारण तिची दोन्ही टोके घट्ट धरून ठेवलेली असतात. शत्रूच्या हातातील तलवारीला असा आधार नसतो. तिच्यावर आघात केला की मनगट वळते, कोपर मागे सरते आणि आघाताचा जोर तेथेच जिरून जातो. उरते ते पाते, आणि त्यावर आपटलेली आपली बोटे.

मग निःशस्त्राने करावे तरी काय? आपल्याकडे यासाठी स्वतंत्र विद्याच होती; तिचे नाव बिनोट. समोरच्याच्या हाती शस्त्र आहे आणि आपले हात रिकामे आहेत, फार तर एखादी काठी किंवा टोकाला नाणे बांधलेला रुमाल आहे, असे धरूनच या विद्येची मांडणी केलेली आहे. बिनोट जाणणारा पात्याच्या वाटेला जात नाही. वाराच्या रेषेतून अंग काढून घेणे, अंतर तोडून आत शिरणे आणि शस्त्र धरणाऱ्या मनगटाचा किंवा कोपराचा ताबा घेणे, हा तिचा क्रम. सांधा वळला की मूठ सुटते, आणि मूठ सुटली की तलवार कितीही पाणीदार असो, ती जमिनीवर तरी पडते किंवा आपल्या हाती तरी येते. १८७८ च्या शस्त्रकायद्याने सामान्य माणसाच्या घरातून हत्यार गेले, तेव्हा अशा विद्येचे मोल किती वाढले असेल, हे सांगावयास नको.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणां मंडळींना अभिमान वाटावा अशी गोष्ट ही की, देशी व्यायाम आणि शस्त्रखेळ यांचा मोठा संग्रह, दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी संपादिलेला दहा खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’, बडोद्याहून निघाला. त्याच बडोद्यात जुम्मादादांचे शिष्य राजरत्न माणिकराव यांची व्यायामशाळा नांदली. माणिकराव हाडे व सांधे बसविण्यातही निष्णात होते, यात आम्हांस नवल वाटत नाही. सांधा कसा निखळतो हे ज्याला ठाऊक, तो बसतो कसा हेही त्यालाच ठाऊक!

प्रतापगडाखाली १६५९ साली सय्यद बंडाने शिवरायांवर तलवार उगारली, तेव्हा जिवा महालाने छाटला तो बंडाचा हात. जिवाच्या हाती शस्त्र होते हे खरे. पण नेम कोठे धरावा याचे ज्ञान तेच. आणि धाकट्याचा गोसावी ज्या गडाच्या पायऱ्या चढत होता तो असीरगड तरी अकबराला १६०१ साली कसा मिळाला? तट फोडून नव्हे. बहादुरशहा फारुकी बोलणी करावयास खाली छावणीत आला तो तेथेच अडकला, आणि आतील माणसांना द्रव्य चारून दरवाजे उघडविले, असे सांगतात.

खेळाच्या त्याच आवृत्तीत शस्त्र हिसकावण्याचा निराळा नियम आहे. रिकाम्या हाताने प्रयत्न करणाऱ्याला तो अवघड करून ठेवलेला आहे. शत्रूने शस्त्र दोन्ही हातांनी धरले असेल तर आणखी अवघड. परंतु डाव साधलाच, तर शत्रूचे शस्त्र थेट त्या निःशस्त्राच्या हाती येते. हा नियम लिहिणाऱ्याने बिनोट पाहिले असण्याचा संभव कमी, तरी त्याने नेमके वर्म पकडले आहे. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतही हिसकावण्याचा ऐच्छिक नियम आहे. त्यात डाव साधला तर शस्त्र नुसते खाली पडते. आम्हांस जुना नियम अधिक रुचतो. घरच्या खेळासाठी आमची सूचना एवढीच की फासा दोनदा टाकावा: एकदा आत शिरण्यासाठी, एकदा मनगटासाठी. पहिला फसला तर वार बसलाच म्हणून समजावे. गोसावी मग जपून पाऊल टाकील.

हा खेळ टेबलापुरताच ठेवावा, हे पालकांनी मुलांना निक्षून सांगावे. स्वयंपाकघरातील सुरी घेऊन असले प्रयोग करू पाहणारी मुले असतात. बिनोट उस्तादाच्या नजरेखाली, लाकडी हत्याराने, महिनोन्‌महिने घटवून शिकावयाची विद्या आहे, आणि ती शिकविणारे हात आज फार थोडे उरले आहेत. ग्रंथात डाव वाचता येतो. मनगट किती वळवावे ते ग्रंथ सांगत नाही. बऱ्हाणपूर, खांडवा, इंदूर, बडोदे येथील ज्या वृद्ध वाचकांनी तरुणपणी आखाड्यात हे डाव गिरविले असतील, त्यांनी ते नातवंडांना करून दाखवावेत आणि त्यांची नावे व क्रम आम्हांस लिहून कळवावेत. अक्षर वाईट असले तरी चालेल.