'यू'विना 'क्यू' : शब्द छोटे, अर्थ मोठे

शाळेत इंग्रजीचा एक नियम आपल्या सर्वांच्या डोक्यात पक्का बसवलेला असतो. 'क्यू' आला की त्याच्या पाठोपाठ 'यू' यायलाच हवा. क्वीन, क्विक, क्वेश्चन, कुठलाही शब्द घ्या, ही जोडी सुटत नाही. पण स्क्रॅबलचा पट मांडून बसलेल्या मुलाच्या हाती 'क्यू'ची सोंगटी येते आणि 'यू' काही केल्या येत नाही, तेव्हा हाच नियम त्याला अडचणीत आणतो.

दहा गुणांचे ओझे

या खेळाच्या इंग्रजी संचात 100 सोंगट्या असतात. त्यात 'क्यू' एकच, 'यू' फक्त चार. 'क्यू'ला 10 गुण मिळतात खरे, पण प्रतिस्पर्ध्याच्या सोंगट्या आधी संपल्या आणि 'क्यू' तुमच्या हातातच राहिला, तर तुमचे 10 गुण जातात आणि त्याला 10 मिळतात. म्हणजे फरक 20 गुणांचा!

म्हणूनच मुरलेले खेळाडू 'यू' नसलेले 'क्यू'चे शब्द तोंडपाठ करतात. त्यातला सर्वांत छोटा 'क्यू-आय'. उच्चार 'ची' आणि अर्थ चिनी विचारातली प्राणशक्ती. अक्षराचे गुण तिप्पट करणाऱ्या घरात 'क्यू' ठेवून हाच शब्द आडवा आणि उभा असा दोन्हीकडे जुळवला, तर दोनच अक्षरांत 62 गुण पदरात पडतात. 'क्यू-ए-टी' म्हणजे येमेन आणि पूर्व आफ्रिकेत चघळली जाणारी, तरतरी आणणारी पाने. 'एस-यू-क्यू' म्हणजे अरबी बाजार.

शब्द परके, ओळख घरची

पुढची यादी वाचताना मात्र मराठी माणसाला हसू येईल. फकीर, काझी, तलाक, वक्फ, बुरखा, नकाब, कव्वाली, कोर्मा! हे सगळे शब्द 'यू'शिवायच्या 'क्यू'ने लिहिले की स्क्रॅबलच्या कॉलिन्स शब्दसूचीत चालतात. 'क्यू-ए-आय-डी' म्हणजे नेता किंवा सरदार. जिनांच्या 'कायदे आझम' या उपाधीतला 'कायद' तो हाच.

बंगळुरूच्या शिवाजीनगरात किंवा रसेल मार्केटच्या गल्ल्यांत यातले बरेच शब्द सहज कानावर पडतात. सांगली-सोलापूरकडून नोकरीसाठी तिथे गेलेल्या घरांत मुले फाडफाड इंग्रजी बोलतात आणि मराठी माध्यमातून शिकलेले आईवडील खेळाच्या वेळी 'आम्हाला नाही बाई तुमचे इंग्रजी जमत' म्हणून बाजूला होतात. पण या यादीपुढे चित्र उलटे होते. मुलाला स्पेलिंग ठाऊक असते, अर्थ मात्र आईला ठाऊक असतो.

'क्यू' आला कुठून?

'क्यू'ची 'यू'शी सोयरीक इंग्रजीत जन्मापासून नव्हती. जुन्या इंग्रजीत 'क्वीन' हा शब्द 'सी' आणि 'डब्ल्यू' वापरून लिहीत. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि फ्रेंच वळणाच्या लेखनिकांनी 'क्यू-यू' ही जोडी रूढ केली.

'यू'शिवायचे शब्द आले ते इतर भाषांतून. अरबीत घशाच्या मुळातून उच्चारायचा एक 'क' आहे, 'काफ'. तो रोमन लिपीत दाखवायला 'क्यू' वापरला गेला. चिनी भाषेसाठी 1958 मध्ये मान्य झालेल्या रोमन लेखनपद्धतीत 'च'सारख्या एका उच्चारासाठी हेच अक्षर घेतले.

मराठीनेही हा अरबी 'काफ' भरभरून घेतला, फक्त त्याला साधा 'क' करून टाकला. किल्ला, कलम, किंमत, कैदी, बाकी, हक्क, तालुका हे सगळे त्याच घराण्यातले. इंग्रजीने पाहुण्याची टोपी तशीच ठेवली, आपण त्याला घरचा पोशाख चढवला, एवढाच फरक!

अर्थ हवाच का?

स्पर्धेतले खेळाडू म्हणतील, अर्थाशी आम्हाला काय करायचे? त्यांचेही चूक नाही. न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स यांनी 2007 मध्ये मुंबईत झालेली जागतिक स्पर्धा जिंकली. 2015 मध्ये तर फ्रेंच बोलता येत नसताना त्यांनी फ्रेंच स्क्रॅबलचे जगज्जेतेपद मिळवले. शब्द त्यांच्यासाठी अक्षरांची रचना असते. पण अशी स्मरणशक्ती लाखात एखाद्याची. तुमच्या-आमच्या मुलांना निव्वळ यादी पाठ करायला लावली, तर ती आठवडाभरात विसरतील. अर्थाचा धागा मिळाला, तर शब्द मनात टिकेल.

'क्यू-ए-एन-ए-टी', म्हणजे 'कनात' हा शब्द घ्या. यादीत तो पाच अक्षरांचा, हातातला 'क्यू' खपवायला सोयीचा. अर्थ पाहा, जमिनीखालून पाणी वाहून नेणारा बोगदा. ही विद्या इराणची. कर्नाटकातच बिदरला बहामनी काळातला असा जलमार्ग आहे. तिथे त्याला 'करेज' म्हणतात. ठरावीक अंतरावर विहिरीसारखे उभे झरोके आणि खाली उतारावरून आपोआप वाहणारे पाणी. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, नहर बांधली, तीही याच जातीची. हे एकदा मुलाला सांगितले, किंवा सुट्टीत प्रत्यक्ष दाखवले, की हा शब्द तो जन्मात विसरणार नाही.

घरी खेळताना

कोणता शब्दकोश प्रमाण मानायचा, हे आधीच ठरवा. ब्रिटिश आणि अमेरिकी सूचींत फरक असतो आणि भांडणे तिथेच होतात. भारतातल्या स्पर्धांत कॉलिन्सची सूची चालते. दोन अक्षरी शब्दांपासून सुरुवात करा. 2019 च्या सूचीत ते 127 होते, रोज पाच घेतले तरी महिनाभरात संपतील.

आणि घरापुरता एक नियम करून पाहा. शब्द मांडणाऱ्याने अर्थ सांगितला, तर पाच गुण जास्त. अर्थ आजीला विचारला तरी चालेल. खेळ थोडा लांबेल, पण 'मला इंग्रजी येत नाही' म्हणून स्वयंपाकघरात जाऊन बसणारी आजीही पटाजवळ येऊन बसेल.