दहा नॅनोमीटरचं सारवण

डहाणू रोडहून पहाटेची लोकल सुटली की आधी चिकूच्या वाड्या मागे पडतात, मग भाईंदरच्या आसपास मिठागरं दिसतात, आणि उन्हं चढेपर्यंत काचेचे टॉवर सुरू होतात. पीएचडीच्या काळात सुटी संपवून मी या गाडीने परतायचो. संस्थेत पोचलो की दिवसभर काम एकच, संगणकाच्या आत काचेवर चांदी चढवायची.

खिडकीच्या काचेवर साधारण दहा नॅनोमीटर जाडीचा चांदीचा थर असला, तर उजेड आत येतो आणि उष्णतेचे अवरक्त किरण बरेचसे परतवले जातात. साधी काच उष्णतेचे किरण टाकते आणि शोषते सढळ हाताने, तिची उत्सर्जकता 0.84. चांदीचा चांगला थर ती 0.05 च्याही खाली आणतो. थंड देशांत घरातली ऊब राखायला हे थर वापरतात. आपल्याला बाहेरचं ऊन थोपवायचं असतं, म्हणून कधी चांदीचे दोन थर लागतात.

मला या विषयाची ओढ लागली ती घराकडच्या चिमणीमुळे. डहाणूचं 500 मेगावॅटचं औष्णिक वीजकेंद्र 1990 च्या दशकाच्या मध्यापासून मुंबईच्या उपनगरांना वीज देतं. त्याची चिमणी 275 मीटर उंच. कोळसा जळतो तो आमच्या तालुक्यात, ज्याला केंद्र सरकारने 1991 मध्येच पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केलं होतं. त्यातली काही वीज उन्हाने तापलेल्या काचेमागच्या खोल्या गार करण्यात जाते. काचेने ऊन बाहेरच अडवलं, तर तेवढा कोळसा वाचेल, हे मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं.

पहिल्याच वर्षी एक रन सुरू करून मी घरी आलो होतो. चांदीच्या थराखाली काचेवर झिंक ऑक्साइडचा थर असतो; त्याच्या तुकड्यावर चांदीचे अणू एकामागून एक सोडायचे होते. सोमवारी चित्र उघडलं तर अणूंच्या माऱ्याने अख्खा तुकडाच खाली सरकत गेलेला. तळाचे अणूंचे थर जागच्या जागी बांधून ठेवायचे असतात, ते मी विसरलो होतो. चार दिवसांचं गणित वाया गेलं. तेव्हापासून कोणी नवीन मुलगा आला की मी त्याला आधी तळ दाखवायला सांगतो.

दुसरी अडचण घाईची होती. संगणकातलं एक पाऊल म्हणजे एक फेम्टोसेकंद, सेकंदाचा दहा कोटी कोटीवा भाग. एक कोटी पावलं चाललो तरी दहा नॅनोसेकंदच उरकतात. खऱ्या यंत्रात अणूंचा एक थर बसायला सेकंदाच्या आसपास वेळ मिळतो. आम्ही अणू इतके भराभर पाडत होतो, की बिचाऱ्यांना सरकून आपली जागा शोधायला उसंतच नव्हती. प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकात चांदीची बेटं दिसायची, माझ्या पडद्यावर नुसता ढीग. लफबरो विद्यापीठातल्या गटाने 2012 च्या सुमारास दाखवलेली वाट मग उपयोगी पडली. अणूचं थरथरणं मोजत बसायचं नाही, तो कुठून कुठे उडी मारू शकेल ते शोधायचं, उडीसाठी किती ऊर्जा लागेल ते काढायचं, आणि मधला काळ एका झटक्यात ओलांडायचा. यात हिशेब फार जपावा लागतो. ऊर्जेत 0.1 इलेक्ट्रॉन-व्होल्टची चूक झाली, तर नेहमीच्या तापमानाला वेळेचा अंदाज जवळजवळ पन्नास पटींनी चुकतो.

एवढं करूनही बेटं चुकीच्या जागी उगवत होती.

त्या उन्हाळ्यात तलासरीकडच्या एका पाड्यावर लग्नाला गेलो. कारवीच्या कुडावर चौक, म्हणजे लग्नाचं चित्र, लिहायची तयारी चालली होती. पांढरं चित्र काढायला बायका बसल्या त्या बऱ्याच उशिरा. त्याआधी कूड शेणामातीने लिंपला, वाळू दिला, पुन्हा हात फिरवला, मग गेरू. मी एका आजींना विचारलं, एवढा वेळ खालीच का? त्या म्हणाल्या, "खालचा हात बसला नाही तर पीठ धरत नाही, बाबा. गळून पडतं." तांदळाच्या पिठाची वाटी तोवर बाजूला झाकून ठेवलेली होती.

परतताना गाडीत तेच डोक्यात. झिंक ऑक्साइडच्या पृष्ठावर अणू षटकोनी मांडणीत बसतात, चांदीचेही तसेच, म्हणून ही जोडी निवडतात. दोन अणूंमधलं अंतर तंतोतंत जुळत नाही, सुमारे अकरा टक्क्यांचा फरक राहतो. मी मात्र खाली सुरीने कापल्यासारखा निर्दोष स्फटिक ठेवला होता. खऱ्या काचेवरचा झिंक ऑक्साइडही अणू-अणूने पडलेला असतो. त्यात पायऱ्या असतात, रिकाम्या जागा असतात, आणि तिथेच चांदी अडकून बेट धरते.

मग चांदी बाजूला ठेवली आणि खालचा थरच संगणकात पहिल्या अणूपासून वाढवला. आठ महिने गेले. क्लस्टरच्या रांगेत माझाच जॉब सर्वात लांब असायचा. त्यानंतर सोडलेली चांदी सूक्ष्मदर्शकात दिसायची तशा जागी बसू लागली.

थीसिसच्या त्या प्रकरणातली पहिली आकृती नुसत्या झिंक ऑक्साइडची आहे, पूर्ण पानभर, चांदीचा एकही अणू नसलेली. ती लहान करावी असं एकदा सुचवलं गेलं. मी ती पानभरच ठेवली.