नवे साधन घेण्याआधी

गावात नवे साधन आले की दोन प्रकारचे लोक भेटतात. एक म्हणतो, "चला, लगेच घेऊ." दुसरा म्हणतो, "आपल्या बापजाद्यांचं त्यावाचून काय अडलं होतं?" आम्हांला वाटते, दोघेही घाई करतात. साधन चांगले आहे का, हे तर पाहावेच. पण आपण त्याला तयार आहोत का, हेही पाहावे.

लोखंडी नांगराची गोष्ट ऐका. १९०३ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावला लोखंडी नांगर तयार केला. लाकडी नांगर माती उकरतो. हा नांगर माती पालथी करी. तरी दोन वर्षे तो खपेना. शेतकरी म्हणत, "लोखंडानं जमिनीला विष बाधंल." ही भीती खोटी होती. पण शेतकरी काही वेडा नव्हता. जमीन नासली असती तर उपाशी कोण राहिले असते? तोच ना! हळूहळू लोकांनी नांगराचे काम डोळ्यांनी पाहिले. भीती गेली, मागणी वाढली. १९१० साली कुंडलजवळच्या माळावर कारखाना उभा राहिला. तीच किर्लोस्करवाडी.

सांगून जी भीती जात नाही, ती पाहून जाते. पण नुसती मनाची तयारी पुरत नाही. घराची आणि गोठ्याचीही तयारी लागते.

आता गोबरगॅसचे पाहू. शेण आणि पाणी कालवून बंद टाकीत सोडतात. तेथे शेण कुजते व गॅस तयार होतो. त्यावर स्वयंपाक होतो. धूर नाही, फुंकणी नाही, सरपणाची मोळी नाही. उरलेला काला शेताला उत्तम खत होतो. इतके चांगले साधन! तरी कोणाच्या परसात ते बंद पडलेले दिसते. असे का व्हावे?

हिशोब करा. २ घनमीटरच्या लहान टाकीला रोज सुमारे ५० किलो शेण लागते. पाणीही जवळजवळ तितकेच लागते. म्हणजे गोठ्यात चार-पाच मोठी जनावरे हवीत. जनावरे दिवसभर रानात चरत असतील, तर निम्मे शेण रानातच पडते. उन्हाळ्यात प्यायला पाणी नसेल, तर टाकीला कोठून आणणार? थंडीत गॅस कमी होतो, तेव्हा दुसरी सोय हवी. टाकीला भेग पडली, तर ती बुजवणारा जाणता गवंडी जवळपास हवा.

आणखी एक गोष्ट. टाकी घ्यायची की नाही, हे घरधनी ठरवतो. पण रोज शेण कालवायचे आणि स्वयंपाक करायचा तो बहुधा घरच्या बाईने. तिला कोणी विचारले का? धूर तिच्या डोळ्यांत जातो. पाण्याची घागरही तीच वाहते. तिच्याएवढा खरा हिशोब दुसरे कोण सांगणार?

म्हणून कोणतेही नवे साधन घेण्याआधी पाच प्रश्न विचारावेत:

१. याची आपल्याला खरोखर गरज आहे का?
२. याला रोज काय लागते? ते बारा महिने मिळेल का?
३. मोडले तर दुरुस्त कोण करील?
४. ज्याला वापरायचे, त्याला विचारले का?
५. कर्ज काढले, तर साधन बंद पडल्यावरही हप्ता भरता येईल का?

उत्तरे मिळाली नाहीत, तर थोडे थांबावे. ज्याच्या घरी ते साधन दोन-तीन वर्षे चालले आहे, त्याच्याकडे जावे. जाताना घरच्या बाईलाही न्यावे. पाणी कमी असेल, तर आधी पाण्याची सोय करावी. एकट्याला झेपत नसेल, तर चौघांनी मिळून विचार करावा.

आज नाही जमले, तर पुढच्या वर्षी जमेल. पण कर्जाने आणलेले साधन परसात गंजत पडले, तर शेजारीही पुढे नव्या गोष्टीला हात लावायला भितात. ते नुकसान साऱ्या गावाचे असते.